आंबटाच्या कसाला उतरेल ती झिलई

बारामती-इंदापूरच्या द्राक्षबागायतदाराला ‘रेसिड्यू’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि माल परदेशी बंदरांत अडकला. मण्याला चकाकी होती, साखर भरली होती, घडाला नाव ठेवायला जागा नव्हती. निर्यातीच्या द्राक्षांची अंशतपासणी तेव्हाही होत होती, तिची संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातच होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे एक औषध नव्हते. त्या हंगामाने दोन गोष्टी एकदम शिकवल्या. खाण्याच्या वस्तूचा निवाडा तिच्या रूपावर होत नाही, ही एक. आणि तपासणीत तेवढेच सापडते जेवढे आपण शोधायला सांगतो, ही दुसरी. इंदापूर तालुक्यातील बोरीच्या शिवारात आज याबद्दल वाद घालणारा माणूस मिळणे कठीण. मग ज्या ताटातून ती द्राक्षे खायची, त्या ताटाला हाच प्रश्न विचारायला काय हरकत आहे? हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांना कोणती झिलई द्यावी हा या पुस्तिकेचा विषय. त्या झिलईत काय घातले आहे यापेक्षा भाजून तयार झालेल्या भांड्यातून काय सुटते, यावरच तिची निवड व्हावी, एवढेच पुस्तिकेचे म्हणणे आहे. म्हणणे साधे आहे, पण ते पचायला जड जाते. कारण बाजारातील सगळी भाषा ‘काय घातले आहे’ याचीच आहे: लेड-फ्री, नॅचरल, ऑरगॅनिक, हँडमेड.

या भागातील कुंभारकामाच्या परंपरेत झिलई नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. भीमेच्या खोऱ्यात, शिरूर तालुक्यातील इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, कुंभाराची भट्टीही सापडली. तिथली जोर्वे पद्धतीची तांबडी, काळ्या रेघांनी रंगवलेली भांडी इतकी पक्की भाजलेली आहेत की खापर वाजवले तर धातूसारखे वाजते. पण झिलई त्यांच्यावर नाही. तेव्हापासून आजच्या बारामतीच्या बाजारात मांडलेल्या माठापर्यंत, संक्रांतीच्या सुगडांपर्यंत आणि पणती-परळांपर्यंत कुंभाराने काव दिली, घोटले, धुरात काळे केले. काचेचा थर मात्र दिला नाही. गरजही नव्हती. माठाने पाझरावे म्हणून तर तो घ्यायचा. आंबट पदार्थांचा प्रश्न घराने दुसरीकडे सोडवला होता. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, आमटी कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात. कल्हई उडाली की ताक ‘कळकते’, हे शिकवायला कोणी रसायनशास्त्रज्ञ लागला नाही. जिभेला कळत होते, आणि गल्लीत कल्हईवाला आला की नवसागराचा धूर निघून पातेले पुन्हा पांढरे होत होते. धोका, त्याची खूण आणि त्यावरचा उपाय ही तिन्ही एकाच भाषेत होती.

झिलईचे तसे नाही. ती इथे पोत्यातून आली, आणि तिच्याबरोबर कोणाची आठवण आली नाही. २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यात कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला, मग हुरडा, चुलीवरचे जेवण, मटक्यातले मटण यांची चटक शहराला लागली. भिगवणला उजनीच्या पाण्यातील मासळी खायला पुण्याहून गाड्या येतात. पाहुण्याला मातीचे भांडे हवे असते. पण तेल शोषणारे, धुतल्यावर वास राहणारे नको असते. म्हणजे चकचकीत हवे. पुण्यात हौसेने आणि पोटापाण्यासाठी चाकावर बसणारी नवी मंडळी आहेत, त्यांनाही कप-वाट्यांचीच मागणी जास्त. फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेल्या काचेची पूड, आणि रंगद्रव्ये मोरबीच्या फरशी उद्योगाच्या वाटेने येतात, खुर्जाच्या वाटेने येतात. भाव परवडणारा, लेप देणे सोपे, रंग सुरेख. फक्त एक गोष्ट कोणी सांगत नाही. फरशीसाठी केलेल्या फ्रिटने फरशीचीच परीक्षा दिलेली असते. फरशीवर कोणी चिंचेचे सार ओतून रात्रभर ठेवत नाही.

झिलई म्हणजे भांड्याच्या अंगावर वितळवून बसवलेली काच. काचेचा मूळ घटक सिलिका, म्हणजे गारेची पूड. ती एकटी वितळायला १७०० अंशांच्या वर तापमान लागते, आणि तेवढ्या उष्णतेत भांडेच उरणार नाही. म्हणून तिच्यात असे काही मिसळावे लागते की ती कमी तापमानाला पातळ होईल: सोडा, पोटॅश, चुना, जस्त, बोरॉन, शिसे. पातळ झालेली काच उभ्या भांड्यावरून ओघळू नये म्हणून थोडी ॲल्युमिना लागते, ती मातीतूनच मिळते. कच्च्या अवस्थेत हे सगळे चुन्याच्या निवळीसारखे दिसते. पहिली भाजणी झालेले भांडे त्यात बुडवले की पाणी क्षणात शोषले जाते आणि बोटाला लागेल असा भुरका थर उरतो. भट्टीत तो आधी आवळतो, मग फसफसतो, त्याच्यावर फोड येतात आणि फुटतात. तापमान पुरेसे चढले आणि पुरेसा वेळ टिकले, तरच ते खड्डे भरून येऊन एकसंध, गुळगुळीत काच होते. घाईने उतरवलेल्या भट्टीतील भांडे वरून चमकत असले तरी आतील काच अर्धवट शिजलेली असू शकते. अर्धवट शिजलेल्या काचेची बांधणी ढिली असते, आणि ढिल्या बांधणीतून आम्ल हवे ते उपसून काढते.

या सगळ्या द्रावकांत शिसे सर्वांत गुणी, असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. पण ते गुणी नसते तर दोन हजार वर्षे टिकले नसते. ते आठशे-नऊशे अंशांपासूनच काचेला पातळ करते, भट्टीचे तापमान थोडे मागेपुढे झाले तरी सांभाळून घेते, खड्डे-डाग भरून काढते, आणि त्याच्या काचेला जी खोल झळाळी येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. आपल्याकडेही ते परके नाही. सर जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभारकाम सुरू झाले, ते सिंधी कारागिरांच्या तंत्रावर. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय कारागिरीवरील ग्रंथात सिंधी झिलईचे दोन मुख्य घटक नोंदवले आहेत, कांच आणि सिक्का. सिक्का म्हणजे शिशाचे भस्म. पांढरे, पिवळे, शरबती, लाल असे त्याचे प्रकार. मराठी माणसाच्या तोंडी हीच मंडळी सफेता, मुरदाडशिंग आणि शेंदूर या नावांनी आहेत. रस्त्याकडेच्या मारुतीला फासला जाणारा अस्सल शेंदूर शिशाचाच. मारुतीला तो चालतो. वाटीच्या आतल्या अंगाला चालतो का, हे शेंदराच्या जुनेपणावर ठरत नाही.

शिशाने पहिला बळी घेतला तो कुंभाराचाच. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत कच्च्या शिशाच्या झिलईत भांडी बुडवणाऱ्या कामगारांना पोटशूळ, मनगट लुळे पडणे, आंधळेपणा असले विकार होत, आणि बायकांचे गर्भ पडत. १८९८ मध्ये सरकारने थॉर्प आणि ऑलिव्हर या दोघांना चौकशीला नेमले. त्यांतून जो उपाय पुढे आला तो शिसे आधी सिलिकाबरोबर वितळवून त्याची काच करण्याचा, म्हणजे फ्रिट बनवण्याचा. फ्रिटमधील शिसे पोटातील आम्लात सहज विरघळत नाही, त्यामुळे कामगार वाचतो. १९४७ च्या नियमांनी तिथे कच्चे शिसे बंदच झाले. इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा, कारण तो आजही दुकानात ऐकू येतो: ‘फ्रिट आहे, म्हणजे सेफ आहे.’ फ्रिट सुरक्षित ठरवले गेले ते हाताळणाऱ्याच्या दृष्टीने. भांड्यात जेवणाऱ्याचा हिशोब वेगळा. त्याच फ्रिटमध्ये हिरव्या रंगासाठी तांब्याचे भस्म मिसळले की काचेची शिसे धरून ठेवण्याची ताकद घटते आणि आम्लात कित्येक पट शिसे सुटते. फ्रिट तेच, भट्टी तीच, एक चिमूट रंगाने निकाल फिरतो.

जेवणाऱ्याचा हिशोब जगापुढे आला तो १९७० मध्ये. कॅनडातील माँट्रियलच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका लहान मुलाच्या मृत्यूची हकीकत छापली. झिलई दिलेल्या मातीच्या सुरईत ठेवलेला सफरचंदाचा रस ते मूल पीत होते. सुरई दिसायला चांगली होती, रस ताजा होता. रसातील आम्लाने सुरईच्या आतील काचेतून शिसे उपसले होते. त्यानंतरच्या काळात अमेरिकेसह अनेक देशांनी ताटवाट्यांतून सुटणाऱ्या शिशावर मर्यादा घातल्या. या प्रकरणात लक्ष द्यायची गोष्ट विषाचे नाव नसून तीन गोष्टींची गाठ आहे: आंबट पदार्थ, बराच वेळ, आणि रोजचे खाणे. आपल्या स्वयंपाकघरात या तिन्ही जिथे एकत्र येतात अशा जागा मोजून पाहाव्यात. लिंबाचे लोणचे, कोकमाचे आगळ, चिंचेचा कोळ, रात्रभर ठेवलेले ताक, दह्याचे विरजण. वाढलेली भाकरी ताटात पाच मिनिटे असते, लोणचे बरणीत वर्षभर. म्हणून आयएसओ ६४८६ या आंतरराष्ट्रीय मानकात लहान खोलगट भांड्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम शिशाची मुभा आहे, तर साठवणीच्या भांड्याला आणि कपाला ०.५ मिलिग्रॅमच. मानकाने भांड्याचा उपयोग पाहिला. आपण झिलई निवडताना बहुधा नमुना-कार्डावरचा रंग पाहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमच्या आजीने जन्मभर चिनी मातीच्या बरणीतले लोणचे खाल्ले, तिला काय झाले? काही झाले नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. ती बरणी दगडासारख्या घट्ट अंगाची, बाराशे अंशांच्या वर भाजलेली असे. तिच्यावरील झिलई मिठाची किंवा फेल्डस्पारची. त्या तापमानाला काच पातळ करायला शिशाची गरजच पडत नाही, आणि सिलिका व ॲल्युमिना भरपूर घालता येत असल्याने काच चिवट होते. बरणीचा दाखला खरा आहे, फक्त तो आपल्या बाजूचा साक्षीदार नाही. हजार अंशांवर भाजलेल्या तांबड्या मातीच्या भांड्याला तो लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर आपण कर्ज काढण्यासारखे आहे.

इथे आपण या दोन तालुक्यांच्या खऱ्या अडचणीपाशी येतो. दख्खनची काळी माती बेसाल्टची झीज आहे. तिच्यात लोह भरपूर, चुनखडीचे खडे जागोजागी, आणि ओली असताना ती जितकी फुगते तितकीच वाळताना आवळते. नदीचा गाळ, पोयटा, राख, लीद मिसळून कुंभार तिला वठणीवर आणतो, पण तिची आगीची मर्यादा बदलत नाही. फार तापवली तर ती फुगते, वाकते, शेवटी बसते. म्हणून कऱ्हा-नीरा-भीमेच्या काठची माती वापरायची असेल तर झिलई हजाराच्या आसपास वितळणारीच हवी. नेमकी हीच ती पायरी, जिथे जगभरच्या कुंभारांनी शिशाचा हात धरला. बारामतीचा कुंभार शिसे वापरतो असा आरोप यात नाही. कमी तापमानाची झिलई शोधणारा माणूस, त्याला कोणी सावध केले नाही, तर सहज कुठे जाऊन पोचतो, एवढेच सांगायचे आहे.

सुरक्षित वाट आहे, ती बोरॉनची. बोरॉन-कॅल्शियमचे किंवा बोरोसिलिकेटचे फ्रिट १००० ते १०८० अंशांत चांगले वितळते. पण ती वाट सरळ नाही आणि तसे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बोरॉन फार झाले तर काच पुन्हा नाजूक होते. सोडा जास्त असलेले फ्रिट रंग झकास खुलवते, पण थंड होताना अंगापेक्षा जास्त आकसते आणि झिलईला बारीक जाळी पडते. भट्टी उघडल्यावर थाळ्यांतून टिण, टिण असा आवाज येत राहतो, कधी दुसऱ्या दिवशीही. कानाला गोड, पण तो झिलई तडकत असल्याचा आवाज असतो. त्या जाळीतून तेल, हळद आणि रस्सा खालच्या सच्छिद्र मातीत उतरतो आणि तिथेच आंबतो. शोभेच्या फुलदाणीत ही जाळी सौंदर्य म्हणून खपते, वाटीत खपू नये. उपाय कष्टाचा आहे: सिलिका थोडी थोडी वाढवत, दर वेळी नमुना-चकत्या भाजत, अंग आणि झिलई एकमेकांना सोसतील असे जमवणे. यासाठी पुण्याच्या किंवा परदेशच्या पुस्तकातील कृती जशीच्या तशी चालत नाही, कारण त्या पुस्तकाच्या लेखकाने भिगवणचा गाळ पाहिलेला नाही.

मेक्सिकोचा अनुभव या बाबतीत आपल्याला सर्वांत जवळचा. तिथेही खेड्यापाड्यांतून तांबडी माती, लाकडाच्या भट्ट्या आणि हजारच्या खालचे तापमान. मुरदाडशिंगासारख्या शिशाच्या भस्माची झिलई शेकडो वर्षे चाललेली, आणि त्याच भांड्यांत शिजणारे आंबट-तिखट जेवण. १९९० च्या दशकापासून तिथे बोरॉनच्या फ्रिटचा प्रसार सुरू झाला. कुंभारांनी झिलई बदलली तरी काही भांड्यांतून शिसे सुटतच राहिले. कारण जुन्या भट्टीच्या भिंतींत, फळ्यांत, टेकूंत वर्षानुवर्षे मुरलेले शिसे तापल्यावर उडून नव्या भांड्यांवर बसत होते. जिथे तापमान पुरेसे चढले नाही तिथे नवी झिलई नीट वितळली नाही, आणि ‘जुनीच बरी’ म्हणायला कारण मिळाले. ‘भट्टीत शिसे जळून जाते’ असे जे म्हटले जाते त्याचे उत्तर इथेच मिळते. शिसे जळत नाही. काही काचेत राहते, काही वाफ होऊन शेजारच्या भांड्यावर आणि भट्टीपाशी बसलेल्याच्या छातीत जाते. झिलईच्या पोत्यावर लेड-फ्री लिहिलेले असणे आणि भांडे शिसेमुक्त असणे यांत भट्टीएवढे अंतर आहे.

आता राखेबद्दल, कारण या भागात तो मोह होणारच. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. जिकडे पाहावे तिकडे साखर कारखाना आणि त्याच्या बॉयलरची बगॅसची राख. या राखेत सिलिका मोठ्या प्रमाणावर असते, आणि राखेची झिलई हा पूर्व आशियातील कुंभारांचा फार जुना, मानाचा प्रकार. फुकट मिळणारा, स्थानिक, नैसर्गिक कच्चा माल: जाहिरातीला याहून काय हवे? पण राखेची झिलई वितळते ती बाराशे अंशांच्या वर, म्हणजे इथली माती जिथे तग धरत नाही तिथे. बाहेरून दगडी अंगाची माती आणली तर प्रयोग जरूर करावा, तो रंजक आहे. मात्र प्रत्येक खेपेची राख वेगळी असते, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द या विषयात काहीच सांगत नाही. शिसेही खाणीतून निघते, प्रयोगशाळेत जन्मत नाही.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. थापटणे घेऊन त्यांनी संतांची डोकी एकेक वाजवून पाहिली आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले. वाजवून भाजणी कळते, हे कुंभारकामातील खरेच ज्ञान आहे आणि ते आजही उपयोगी पडते. पण झिलईतून काय सुटेल हे वाजवून कळत नाही, पाहून कळत नाही आणि चाखूनही कळत नाही. कळकलेल्या ताकासारखी खूण शिसे देत नाही, उलट त्याची चव गोडसर असते. घरगुती चाचणी म्हणून लिंबाची फोड झिलईवर रात्रभर ठेवण्याची पद्धत आहे. तांब्याच्या हिरव्या झिलईवर सकाळी फोडीच्या आकाराचे फिकट वर्तुळ दिसले तर ती झिलई आम्लाला टिकत नाही हे नक्की, आणि ते भांडे स्वयंपाकघरातून बाद करावे. पण वर्तुळ दिसले नाही म्हणून भांडे पास होत नाही. शिसे, बेरियम यांना स्वतःचा रंग नसतो. ते निघून गेले तरी झिलई जशीच्या तशी दिसते. लिंबाला नापास करण्याचा अधिकार द्यावा, पास करण्याचा देऊ नये.

पास करण्याची रीत ठरलेली आहे. भांडे धुऊन, वाळवून, काठाच्या जरा खालपर्यंत ४ टक्के ॲसेटिक आम्लाने, म्हणजे साधारण व्हिनेगरएवढ्या तीव्रतेच्या द्रावणाने भरायचे. झाकून २२ अंशांच्या आसपास २४ तास ठेवायचे. मग त्या आम्लात किती शिसे आणि किती कॅडमियम उतरले ते यंत्रावर मोजायचे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ९८०६ हे याच कामाचे मानक आहे. प्रयोगशाळेला पोते पाठवायचे नसते, कच्ची झिलईही नाही. आपल्या मातीवर, आपल्या भट्टीत भाजलेली वाटी पाठवायची. आणि इथे २०१० च्या द्राक्षांची दुसरी शिकवण आठवावी. मानक चाचणी शिसे आणि कॅडमियम या दोघांनाच शोधते. मऊ, रेशमी पोताच्या झिलईत बेरियम घातलेले असते. काळ्या, धातूसारख्या झिलईत मँगनीज आणि तांबे भरमसाट असते. ते यादीत नसल्याने अहवालात येणार नाही. अशी झिलई आतून द्यायचीच असेल तर प्रयोगशाळेला त्या धातूचे नाव सांगून वेगळे मोजमाप मागावे लागेल. सोपा मार्ग म्हणजे ती बाहेरून द्यावी आणि आतल्या अंगाला, ओठ टेकतात त्या काठासह, साधी पारदर्शक किंवा पांढरी, पूर्ण वितळलेली झिलई ठेवावी. जगभरचे जाणते कुंभार हेच करतात. रंगाची हौस बाहेरच्या बाजूला भागते.

‘गरीब कुंभाराला चाचणीचा खर्च कसा झेपणार?’ हा आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याला झटकून टाकता येणार नाही. पण त्यातील गृहीत तपासावे. चाचणी प्रत्येक भांड्याची नसते. माती, झिलई आणि भाजणी या तिघांच्या एका जोडणीची असते. दहा रंगांची दहा पोती ठेवणाऱ्याला ती महाग पडेल. आतून एकच झिलई वापरणाऱ्याला पडणार नाही. एका गावच्या चार-पाच जणांनी तीच झिलई, तीच माती आणि तोच कोन ठरवून घेतला तर खर्च वाटला जातो. कोन म्हणजे ठरावीक तापमानाला वाकणारी छोटी सुळकी. तिच्यामुळे भट्टीत खरोखर किती भाजले गेले ते कळते. या भागात हे काही नवीन सांगणे नाही. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाण्याचा नमुना घेऊन जाणारा शेतकरी एकराच्या प्रत्येक ढेकळाची तपासणी करून घेत नाही, पण तपासणी न करता खतही टाकत नाही. शिवाय तपासणीचा अहवाल हा बाजारात बोलणारा कागद आहे. हॉटेलवाल्यापुढे तो ठेवता येतो, आणि कारखान्यातील स्वस्त मगाशी भावात स्पर्धा करू न शकणाऱ्या कारागिराला असे काहीतरी हवेच असते.

दुसऱ्या बाजूने येणारा आक्षेप उलटा असतो: एवढी भीती घालून तुम्ही लोकांना मातीच्या भांड्यांपासून दूर लोटता. २०२३ मध्ये प्युअर अर्थ या संस्थेने २५ देशांच्या बाजारांतील वस्तूंची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात तपासलेल्या झिलईदार भांड्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भांड्यांत संदर्भमर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळले. हा आकडा भीती घालण्यासाठी सहज वापरता येईल. पण तो भांड्यातील शिशाचा आहे, भांड्यातून सुटणाऱ्या शिशाचा नाही, आणि हा फरक ज्याला पटला त्याने तो आकडा आपल्या सोयीने वापरू नये. घट्ट बांधलेली काच आपल्यातील बरेच काही सोडत नाही. त्या आकड्यावरून एवढेच म्हणता येते की तपासण्यासारखे बरेच आहे. धातूच्या भांड्यांचा निकाल त्याच पाहणीत याहून बरा नव्हता, तेव्हा ‘मातीपेक्षा ॲल्युमिनियम बरे’ असा सोयीचा निष्कर्षही काढता येत नाही.

झिलई द्यायचीच का, हा प्रश्न खरे तर सगळ्यांच्या आधी यायला हवा, पण वर्षानुवर्षे बिनझिलईच्या भांड्यांवर हात बसलेल्या कुंभाराला तो शेवटी विचारला तरी चालतो. विरजणाचे गाडगे, पाण्याचा माठ, भाकरीचे खापर यांना झिलई नको. दह्याचे पाणी शोषले जाऊन ते घट्ट लागते ते मातीच्या सच्छिद्रपणामुळेच. झिलई दिली की तेच दही स्टीलच्या डब्यातल्यासारखे होते. मटक्यातले मटणही घोटून, धुरात काळ्या केलेल्या जाड अंगाच्या भांड्यात उत्तम शिजते. ते एकाच पदार्थाला वाहून घ्यावे आणि साबण न लावता गरम पाण्याने धुवावे, एवढेच. रोज बदलते, तेलकट, आंबट आणि साठवणीचे जेवण ज्या वाट्या-ताटांत वाढायचे, त्यांनाच झिलईची गरज. ही विभागणी केली की काम निम्म्यावर येते.

पुढील पानांत कमी तापमानाच्या मोजक्याच झिलया दिल्या आहेत, रंगांचे दालन मुद्दाम छोटे ठेवले आहे. आतल्या अंगाच्या आणि बाहेरच्या अंगाच्या कृती वेगळ्या छापल्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. कच्चा माल चाळताना नाकाला नुसता फडका पुरत नाही. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून धूळ अडवणारा मुखवटा घ्यावा आणि शेड झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. प्रत्येक कृतीखाली चार रिकाम्या ओळी आहेत: माती कुठली, कोन कितीचा, चाचणीची तारीख, सुटलेले शिसे आणि कॅडमियम. त्या छापून देता येत नाहीत, कारण त्यांचे उत्तर ज्याच्या त्याच्या भट्टीत आहे. त्या ओळी भरेपर्यंत ती झिलई कुंड्यांना, पणत्यांना आणि भांड्याच्या बाहेरच्या अंगाला वापरावी.